अर्ध्या मापाची बोट

ऋतुजानं समुद्र बघितलेला नाही. गोदावरी बघितली ती नांदेडला कॉलेजात असताना, तीही पुलावरून, बसच्या खिडकीतून. तरी गेली पाच वर्षं तिचा पोटापाण्याचा धंदा बोटींचा आहे. अहमदपूरच्या बसस्टँडमागं खताच्या दुकानावर एक खोली आहे. खाली युरियाचा वास, वर एक पंखा, एक टेबल आणि दोन पडद्यांचा कॉम्प्युटर. तिथं बसून ही बाई बोटींची पोटं काढते आणि त्या बोटी कोकणात, केरळात पाण्यावर तरतात. हे ऐकून गावातली शहाणी माणसं हसतात. हसू द्या. हसणाऱ्यातल्या एकालाही स्वतःच्या घराची पायरी मोजता येत नाही.

तिचं काम काय, ते एकदा सांगून टाकावं. बोटीचं पोट मोजायची एक रीत आहे. नाकापासून शेपटापर्यंत मधोमध दोरी ताणायची. दर दोन फुटांवर थांबायचं आणि दोरीपासून बाजूचा पत्रा किती लांब आहे ते तळाशी, मध्ये आणि काठाशी मोजायचं. त्या आकड्यांचा एक तक्ता होतो. ऋतुजानं लिहिलेला प्रोग्रॅम हा तक्ता घेतो आणि पडद्यावर बोट उभी करतो. ठिपके जोडून गोलाई देतो, हवी तशी फिरवून दाखवतो, किती वजनाला किती बुडेल ते सांगतो. पुण्यातल्या एका कंपनीच्या मोठ्या सॉफ्टवेअरमधला हा एक सुटा भाग, ट्रॅक्टरमधल्या डायनॅमोसारखा. कंपनीतला अंबरीश म्हणून एक जण, लातूरच्या डॉक्टरचा मुलगा, त्यानं तिला हे काम दिलं. कंपनीत त्या भागाला लांबलचक इंग्रजी नाव आहे. ऋतुजा त्याला नुसतं ‘पोट’ म्हणते.

आता यातली मेख. बोटीची उजवी आणि डावी बाजू सारखी असते, म्हणून सगळीकडं एकच बाजू मोजतात. तक्ता अर्ध्याच बोटीचा असतो. ऋतुजानंही ‘पोट’ तसंच बांधलं. उजवी बाजू द्या, डावी आरशातल्यासारखी आपोआप येते. पाच वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

तिचे वडील भागवत हे वीरण्णांच्या वर्कशॉपात तीस वर्षं वेल्डर. मार्केट यार्डाच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारी पाच-सहा दुकानं आहेत, त्यात वीरण्णांचं सगळ्यात जुनं. गावाकडं तीन एकर रान आहे, ते भागवतचा भाऊ बघतो. भागवतनं जिंदगी ठिणग्यांत घातली. लेकीच्या कामाबद्दल त्याचं मत काय होतं, ते सगळ्या आळीला पाठ होतं: खुर्चीवर बसून चित्रं काढायची अन् त्याला काम म्हणायचं. लेकही कमी नाही. ती म्हणायची, तुम्ही डोळ्यावर काळी काच लावून काम करता, तुम्हाला चित्र कुठून दिसणार. बापलेकीचं असं रोजचं चालायचं.

मग हिंगणवाडीची बोट आली.

हिंगणवाडी तलावापलीकडची वस्ती. तलाव झाला तेव्हा तिचा रस्ता पाण्याखाली गेला. शाळा अलीकडं, दवाखाना अलीकडं, बाजार अलीकडं. वळसा घालून यायचं तर चौदा किलोमीटर, आणि एसटी त्या रस्त्याला कधीच नव्हती. म्हणून लोकांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबा हवा भरून बांधल्या, वर बांबूची ताटी टाकली, दोन्ही काठांना दोर बांधला. हा तराफा सिंधुमावशी ओढतात. पन्नाशीची बाई, स्वतःचं रान पाण्याच्या दोन्ही अंगाला विभागून गेलेलं. रोज सकाळी शाळेची लेकरं अलीकडं, संध्याकाळी पलीकडं. अकरा वर्षं वाडीनं अर्ज केले. अर्जांना उत्तरं आली, उत्तरांना क्रमांक होते, क्रमांकांना तारखा होत्या. बोट तेवढी नव्हती. शेवटी एक लेकरू तराफ्यावरून घसरलं. मावशींनी केसाला धरून वर काढलं म्हणून वाचलं. त्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा कुठं बोट मंजूर झाली. अर्ज वाचायला अकरा वर्षं आणि व्हिडिओ बघायला दोन मिनिटं. दफ्तर असंच जागं होतं.

बोट बनवायला तालुक्यात कुणी तयार होईना, कारण कुणी बनवलेलीच नव्हती. वीरण्णा म्हणाले, पत्राच वाकवायचा न्हवं? त्यांनी मोबाईलवर बोटींचे फोटो बघितले, भागवतला दाखवले, आणि वीस फूट लांब, साडेचार फूट रुंद, पावणेदोन फूट खोल अशी पत्र्याची बोट दीड महिन्यात उभी केली. जागा नव्हती, म्हणून कंपाउंडच्या भिंतीला लागूनच. डावी बाजू आणि भिंत यांच्यात जेमतेम एक हात जाईल एवढी फट.

बोट मंजूर करणाऱ्या जिल्ह्याच्या कार्यालयानं कागद मागितले: बोटीचा नकाशा आणि त्यावर माणसं किती बसतील तो आकडा. वीरण्णा धापा टाकत ऋतुजाच्या खोलीत चढून आले. तुझं ते बोटी दाखवायचं काम आपल्या घरच्या बोटीला नको का, म्हणाले. ऋतुजानं माप कसं घ्यायचं ते कागदावर काढून दिलं. दुसऱ्या दिवशी वीरण्णांनी अकरा ठिकाणची मापं लिहून पाठवली. उजव्या बाजूची. ट्रॉलीचीसुद्धा एकच बाजू मोजायची त्यांची तीस वर्षांची रीत, आणि ऋतुजाच्या धंद्यातही तीच. दोघांच्या रिती जुळल्या आणि कुणालाच काही खटकलं नाही.

पडद्यावर बोट उभी राहिली ती इतकी देखणी की ऋतुजा दोन मिनिटं नुसती फिरवून बघत राहिली. वीस माणसं, असा आकडा आला. तिनं छापलं, खाली सही केली. कार्यालयातल्या साहेबांनी चित्र बघितलं, छान आहे म्हणाले आणि शिक्का मारला. अहमदपूर तिथून एका तासावर. बोट बघायला कुणी आलं नाही.

त्या आठवड्यात भागवत बदलला. पाच वर्षांत जो माणूस लेकीच्या खोलीत तीनदा आला नव्हता, तो रोज कुणाला तरी घेऊन जिना चढायला लागला. बघा, म्हणायचा, मी केलेली बोट हिनं आत घातली. फिरव गं. ऋतुजा फिरवायची. वीरण्णांनी तर त्याच चित्राचा बॅनर छापला, खाली दोघांची नावं, बापाचं आणि लेकीचं. उद्घाटनाची तारीख ठरली: जूनमध्ये शाळा उघडायची त्याच दिवशी.

मेच्या मध्याला अंबरीशचा फोन आला. कोकणातल्या एका दुरुस्तीच्या कारखान्यानं तक्रार केली होती. त्यांच्याकडं धक्क्याला आपटून डावी बाजू आत गेलेली एक बोट आली होती. त्यांनी दोन्ही बाजू मोजून तक्ता भरला, तर ‘पोट’नं बोट धडधाकट दाखवली. चेपलेली बाजू गायब. अंबरीश हसत सांगत होता की तुझ्या प्रोग्रॅमनं बोट हातोडा न लावता दुरुस्त केली. ऋतुजाला हसू आलं नाही. तिनं कोड उघडला. दोन्ही बाजू दिल्या तरी तिनंच लिहिलेली एक ओळ डावी फेकून देत होती आणि उजवीची नक्कल लावत होती. तिनं ती ओळ काढली, डावी वेगळी मांडली. चार दिवस लागले. तपासायला दोन्ही बाजूंची मापं असलेली बोट हवी होती. मनात आलं, कोकणातली कशाला, आपलीच आहे की रस्त्यापलीकडं.

रविवारी ती टेप, सुतळी आणि ओळंबा घेऊन वर्कशॉपात गेली. दुसरं टोक धरायला माणूस हवा, म्हणून बापाला हाक मारली. भागवत खुशीत होता. काय गं, पुन्हा चित्र काढायलीस का, म्हणाला. उजवी बाजू झाली, मापं आधीसारखीच आली. डाव्या बाजूला भिंतीच्या फटीत शिरायला ऋतुजाच बारीक, म्हणून ती आत घुसली. भागवत मधल्या दोरीपाशी टेप धरून उभा राहिला आणि आकडा वाचू लागला. पुढची सहा ठिकाणं ठीक होती. सातव्याला पाऊण इंच कमी. आठव्याला दीड. नवव्याला तीन. भागवतनं टेप पुन्हा ताणली, पुन्हा वाचली. तीनच. दहाव्याला तो मोठ्यानं वाचायचाच थांबला. टेप तिच्याकडं वळवून धरली, तू बघ म्हणून.

ओळंबा लावला तेव्हा कळलं की मागच्या अंगाला डावं बूडही दोन इंच वर उचललेलं आहे.

कारण भागवतला कुणी सांगायची गरज नव्हती. ट्रॉलीची एक बाजू पूर्ण वेल्ड करायची, मग पलटी मारून दुसरी, हीच इथली पद्धत. लोखंड तापून ओढतं, पण ट्रॉलीचा पत्रा जाड, आणि थोडं ओढलं तर घणानं सरळ करतात. बोटीचा पत्रा पातळ होता. उजवी बाजू पक्की झाल्यावर सगळी ओढ डाव्या अंगाला गेली. आणि डावी बाजू भिंतीकडं, लांब उभं राहून बघायला जागाच नाही.

वर खोलीत ऋतुजानं नवा तक्ता भरला. पडद्यावर बोट आली ती मागून पिळलेली, ओला टॉवेल एका हातानं पिळावा तशी. भागवत खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

“ट्रॉली असती तर चाललं असतं,” तो म्हणाला.

“ट्रॉली न्हाई बाबा.”

“कळतंय मला. रस्त्यावरची चीज रस्ता सांभाळून घेतो. पाणी न्हाई सांभाळत.” मग पडद्याकडं वाकून म्हणाला, “किती माणसं दाखवायलंय आता?”

तिनं आकडा दाखवला नाही. म्हणाली, माझा प्रोग्रॅम एकदा खोटं बोललाय, आता पाण्यातच घालून बघू.

वीरण्णा आधी चिडले. बॅनर लागला, आमंत्रणं गेली, आणि आता हे कसलं खूळ. पण भागवतनं तीस वर्षांत कधी मालकाकडं काही मागितलं नव्हतं, ते त्यानं मागितलं. वीरण्णांच्या भावाच्या रानात मोठं शेततळं आहे. हायड्रा क्रेन लावून बोट तिथं उतरवली. तळाचं प्लास्टिक फाटेल म्हणून भाऊ ओरडत होता. रिकामी बोट झकास तरंगली, म्हणून सगळे गप्प झाले. मग वाळूनं भरलेली पोती दोन्ही अंगाला सारखी मोजून ठेवत गेले. पन्नास किलोचं एक. बारा पोत्यांना डावा काठ उजव्यापेक्षा चार बोटं खाली. अठराला एक वीत खाली. वीस माणसं म्हणजे चोवीस पोती. बाविसाव्याला भागवत स्वतः बोटीत चढला, डावीकडचं एक पोतं जरा मध्ये सरकवायला. तो डाव्या अंगाला एक पाऊल गेला आणि काठावरून पाणी आत आलं. ओतल्यासारखं नाही, जिभेसारखं, सावकाश, थांबायचं नाव नाही. भागवत गुडघाभर पाण्यात उभा राहिला. हायड्रावाल्यानं साखळी ओढून बोट वर घेतली म्हणून ती तळाला गेली नाही.

त्याच दुपारी सिंधुमावशी शोधत शेततळ्यावर आल्या. उद्घाटनाला वाडीच्या बायांना कुठं उभं करणार, एवढंच विचारायला आल्या होत्या. ओली पोती बघून त्यांनी विचारलं आणि त्यांना सगळं सांगावं लागलं.

वीरण्णांनी तोडगा काढला. वीसच्या जागी दहा लिहू. दहा माणसांना बोट नीट तरते, हे सगळ्यांनी बघितलं. ते वाईट माणूस नाहीत. बोट अडली तर पुन्हा कार्यालयात फाइल जाईल आणि फाइल गेली की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक. ऋतुजालाही एक क्षण ते पटलं. तिनं पेनसुद्धा काढलं.

मावशी म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही दहा लिहिलं तर वीस बसतील. वीस लिहिलं तर चाळीस. बाजाराच्या दिशी पाटी कोण वाचतंय?”

“मग तुम्हीच सांगा काय करावं.”

“मला काय विचारता. मी ट्यूबीवर लेकरं ओढायलेय. ही तुमची बोट वाकडी असली तरी माझ्या ट्यूबीपेक्षा सरळच हाय.” मग त्या ऋतुजाकडं वळल्या. “बाई, तू शिकलेली. तुझं लेकरू बसवशील का हिच्यात?”

ऋतुजाला लेकरू नव्हतं. लग्न मोडून माहेरी आलेल्या बाईला असा प्रश्न लागतो, पण मावशींनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

“बसवणार न्हाई,” ऋतुजा म्हणाली.

मावशींनी मान हलवली आणि त्या खाली बसल्या. अकरा वर्षं वाट बघितलेल्या माणसाला खरं ऐकवलं, तर त्यानं आनंदानं उड्या माराव्यात ही अपेक्षा फक्त भाषणं करणारे ठेवतात.

पत्र लिहायचं ठरलं. घरी भागवत जेवता जेवता म्हणाला की त्यात माझं नाव टाक, वेल्डिंग माझं आहे, अण्णाला मध्ये आणू नको. ऋतुजा हो म्हणाली आणि तिनं टाकलं नाही. तिनं लिहिलं की बोटीची एकच बाजू मोजून मी नकाशा केला, माझ्या प्रोग्रॅमनं दुसरी बाजू कल्पनेनं काढली, प्रत्यक्ष बोट वेगळी आहे, सबब माझा नकाशा आणि वीस हा आकडा मी परत घेते. बोट दुरुस्त होऊन दोन्ही बाजूंनी मोजल्याशिवाय ती पाण्यात घालू नये. खाली तिची एकटीची सही.

उद्घाटन रद्द झालं. बॅनर उतरला. आठ दिवसांत कार्यालयाचं उत्तर आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा आठ दिवसांत. उत्तर म्हणजे नोटीस, आणि ती ऋतुजाच्या नावानं. बोटीचा नकाशा काढण्याची आपली शैक्षणिक पात्रता व अधिकार काय, चुकीचा नकाशा सादर करून शासनाची दिशाभूल का केली, सात दिवसांत खुलासा करावा. शिक्का मारणाऱ्या साहेबांना नोटीस गेली नाही. गेली असती तर त्यांना लिहावं लागलं असतं की मी बोट न बघताच शिक्का मारला.

नोटीस भागवतनं वाचली. अक्षर अक्षर लावून वाचतो तो, चौथीपर्यंत शिकलेला. वाचून झाल्यावर कागद पलटून मागची बाजूही बघितली.

“माझं नाव कुठं हाय?”

ऋतुजानं त्याच्या हातातून नोटीस घेऊन घडी घातली.

“मी सांगितलं होतं तुला. हाताची चूक माझी, पत्र्याची ओढ माझी, अन् दिशाभूल तू केली म्हणतायत. मला काय चोर समजलीस, लपवायला?”

“चित्र माझं होतं बाबा. लोकांनी बोट न्हाई बघितली, चित्र बघितलं.”

“चित्र बघून म्या आळीभर सांगत हिंडलो. मलाच आधी दिसायला पाहिजे होतं.”

त्यानंतर तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. बाप रागावला होता तो अपमानानं. चुकीचं त्याला एवढं वाटलं नव्हतं; तिनं त्याची चूक त्याच्या हातातून काढून घेतली, याचं वाटलं होतं. ऋतुजाला हे कळायला ते तीन दिवस लागले. तिनं माफी मागितली नाही, दोघांच्याही स्वभावात ती नाही. तिनं खुलासा लिहिला तेव्हा कागद घेऊन वर्कशॉपात गेली आणि त्याच्यासमोर ठेवला. त्यात पात्रतेबद्दल लिहिलं होतं की बी.एस्सी. कॉम्प्युटर, आणि अधिकार नव्हता. अधिकार आपल्या कार्यालयाला होता, आपण मोजायला आला नाहीत. त्याखाली बोट कशी वेल्ड केली, लोखंड कुठं ओढलं, हे सगळं बापाच्या नावानं, त्याच्याच शब्दांत. भागवतनं वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, इथं नवव्या जागी नाही, सातव्यापासूनच ओढायला सुरुवात झाली होती, ते दुरुस्त कर. तिनं केलं. मग त्यानं सही केली.

खुलाशाला अजून उत्तर नाही.

वीरण्णांनी बोट शेततळ्यावरून परत आणली आणि ट्रॉल्या बाजूला सारून कंपाउंडच्या मधोमध ठेवली. भागवतनं डावी बाजू गॅस कटरनं सोडवली, सातव्या जागेपासून शेपटापर्यंत. आता वेल्डिंगचा एक टाका उजवीकडं, एक डावीकडं, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं काम चालू आहे. रोज संध्याकाळी ऋतुजा खाली उतरून दोन्ही बाजू मोजते. किती दिवस लागतील ते कुणाला सांगता येत नाही; इथं असं काम कुणी केलेलंच नाही.

शाळा उघडली. दुसऱ्या आठवड्यात सिंधुमावशी वर्कशॉपात आल्या. कापलेली बोट त्यांनी सगळीकडून बघितली, आत हात घालूनही बघितला. कधी होईल, विचारलं. भागवत म्हणाला, दोन महिने धरा, त्यावर कागद आला तर. मावशींनी बोटांवर महिने मोजले. दोन महिन्यांत तलाव भरतो आणि भरल्यावर दोर पाण्याखाली जातो, हे त्यांनी सांगितलं नाही; तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी चहा घेतला. मग तराफ्याच्या दोन ट्यूबा हवा धरत नाहीत, जुन्या असतील तर द्या, म्हणाल्या.

वीरण्णांनी मागच्या शेडमधून दोन काढून दिल्या. भागवतनं त्यात हवा भरली, एकेक पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे येतात का बघितलं, सगळीकडून, दोनदा. एक ट्यूब मावशींनी खांद्यात अडकवली. दुसरी ऋतुजानं घेतली आणि त्यांच्यामागं टेम्पोपर्यंत चालत गेली. रस्त्यात कुणीतरी विचारलं की काय बाई, पोहायला निघालीस काय. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. टेम्पोवाल्यानं ट्यूबा टपावर बांधल्या. मावशी पुढं बसल्या आणि म्हणाल्या, येतीस का, दोर ओढायला एक हात कमी पडतोय.

ऋतुजा टेम्पोत चढली.